छोटी टाकी भरून मिळेल

आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला गॅसचा वास यायचा. अंथरुणाला, दप्तराला, माझ्या वेणीला, आणि आईने कितीही नाकारलं तरी भाकरीलासुद्धा. कुजक्या कोबीसारखा तो वास. शाळेतल्या पोरी म्हणायच्या, "अलके, लांब बस गं, कुणी काडी ओढली तर तू उडशील." मी त्यांच्याबरोबर हसायचे, कारण रडून काही उपयोग नव्हता, आणि मनातल्या मनात एकेकीला शिव्या घालायचे. मला शिव्या चांगल्या येत होत्या, अजूनही येतात. खरं तर त्या काळात कारेगावात प्रत्येकाला कसला ना कसला वास होताच. कुणाला रंगाचा, कुणाला वंगणाचा, कुणाला कंपनीच्या कँटीनमधल्या जळक्या तेलाचा. आमचा तेवढा जिवावरचा होता.

आम्ही मूळचे वडगाव रासाईचे. आजा मेंढरं राखायचा, आप्पांनीही राखली, आणि चारायला रान उरेना तेव्हा ती विकून कारेगावला रस्त्यालगत छोटी जागा घेतली. तिच्यावर विटांच्या भिंती आणि वर पत्रा अशी खोल्यांची एक ओळ बांधली. टोकाच्या दोन खोल्यांत आम्ही आणि बाकीच्यांत कंपनीतले भाडेकरू. दुपारी पत्रा तापला की तडतड वाजायचा, पाळी सुटली की भोंगा वाजायचा, आणि भिंतीपलीकडे कुणी भोजपुरीत, कुणी उडियात, कुणी लातूरकडच्या मराठीत आपापल्या घरी फोन लागला नाही म्हणून कुरकुरायचं. आप्पा तेव्हा एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडे लागले होते. मेंढरांच्या मागे उन्हातान्हात गेलेला माणूस, पत्र्याखाली एका जागी आठ तास उभा राहायचा आणि खूश असायचा. मग एका पाळीत उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. ठेकेदाराने दवाखान्यापुरतं पाहिलं आणि हात झटकले. तीन बोटांच्या माणसाला गेटच्या आत कुणी घेईना. मामा म्हणाले गावाकडे चला, पण गावाकडे जाऊन काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं.

तेव्हा आप्पांनी पुढच्या खोलीत दुकान टाकलं. बाहेर पाटी होती, 'गॅस शेगडी दुरुस्ती'. पाटीवर नसलेलं काम सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरगावच्या कामगारांकडे रेशनकार्ड असायचं ते त्यांच्या गावी, आणि कार्डाशिवाय ना गॅसचं कनेक्शन ना रॉकेल. आजूबाजूला सरपण म्हणाल तर कंपन्यांच्या कुंपणाबाहेरच्या वेड्या बाभळी, त्याही तोडून संपलेल्या. मग हे लोक बाजारातून पाच किलोची छोटी टाकी आणि तिच्यावरच बसणारी शेगडी आणायचे आणि ती टाकी आमच्याकडे भरून घ्यायचे. आप्पा नात्यागोत्यातल्यांच्या नावावरच्या मोठ्या टाक्या गोळा करायचे. लोखंडी घडवंचीवर मोठी टाकी उलटी ठेवायची, खाली पाण्याच्या घमेल्यात छोटी, आणि दोन्हींना जोडणारी पितळी नळी. नळीला चावी, दोन्ही टोकांना नट. खालची गार राहिली की गॅस लवकर उतरतो म्हणून घमेल्यात बर्फाचा तुकडा टाकायचा. छोट्या टाकीच्या अंगावर घाम कुठवर आला ते बघून आप्पा चावी बंद करायचे आणि कोकरू तोलावं तशी ती डाव्या हाताने उचलून म्हणायचे, "झाली गं." लोक गयावया करायचे, चाचा, और थोडा डालो. आप्पा थोडा डालायचे. टाकीत मोकळी जागा ठेवावी लागते, नाहीतर उन्हाने गॅस फुगतो, हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही ते पुण्य समजत होतो.

हे सगळं बेकायदेशीर आहे, एवढं मात्र ठाऊक होतं. आणि बेकायदेशीर म्हणून ते शटर ओढून, बंद खोलीत चालायचं. जे काम करायचंच तर उघड्या माळावर करायचं, ते आम्ही पोलिसाच्या धाकाने चार भिंतींत करत होतो. आप्पांनी वास जायला छताजवळच्या दोन विटा काढल्या होत्या. त्यांचा हिशेब धुराचा होता. जन्मभर रानातल्या वाड्यावर, मेंढरांच्या कडेला तीन दगडांची चूल पेटवलेली, धूर वर जातो एवढं त्यांना पक्कं माहीत. गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीवरून सरपटतो, हे त्यांना कुठून कळणार. माझी मुलगी आता हसते. म्हणते, आई, हे तर शाळेच्या पुस्तकात असतं. असेल बाई. आमच्या घरात ते पुस्तकात नव्हतं, फरशीवर होतं.

आईला हा धंदा डोळ्यांसमोर नको होता. ती घडवंचीला हात लावायची नाही, नळी उचलायची नाही, दुकानात झाडूसुद्धा मारायची नाही. नट आवळायला आप्पांच्या तीन बोटांत जोर पुरत नसे. ते पाना डाव्या हातात धरून, उजव्या हाताचा तळवा वर दाबून, दात खाऊन फिरवायचे. आई उंबऱ्यात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "दोन बोटं देऊन तुमचं पोट भरलं न्हाई व्हय? आता समदी आगीत घालताय." आप्पा वर न बघता म्हणायचे, "मग काय भीक मागू?" मग आई आत जाऊन हुलग्याचं माडगं ढवळत बसायची आणि इतकं ढवळायची की ते पातेल्याला लागायचं. आमच्या घरात रागाची चव हुलग्याच्या माडग्यासारखी होती, थोडी करपलेली.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आधी आई आप्पांना म्हणाली, "ह्या नवरात्रात दुकान बंद ठिवा. मी देवीला मागनं मागितलंय. नऊ दिस दिवा निभला तर ह्यो धंदा घरातनं जाईल." आप्पांचा देवावर फारसा भरवसा उरला नव्हता, पण आईवर होता. त्यांनी शटर ओढलं. मागच्या खोलीत, नेहमीच्या कोपऱ्यात, आईने पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरलं, त्यावर घट ठेवला, वरून माळ सोडली आणि शेजारी जमिनीवरच पितळी दिवा लावला. आमच्याकडे घट बसले की घराला कुलूप लागत नाही आणि दिव्याला एकटं सोडत नाहीत. घरची बाई बसली की बसली. ती अनवाणी राहते, उपास करते, घटाशेजारी जमिनीवर झोपते, घर सोडून जात नाही. आई वातीवर डोळा ठेवून भगर खायची आणि वात सरली की धड दोन घासही पुरे न करता उठायची. मी इतकी वर्षं तिला पाहत आले होते, पण त्या वर्षी ती दिव्याकडे जशी पाहायची, तसं मी तिला आम्हां पोरींकडेसुद्धा पाहताना पाहिलं नव्हतं. मला दिव्याचा हेवा वाटायचा, खरंच सांगते.

दुकान बंद म्हटल्यावर आमच्या ओळीतल्या शेगड्या एकेक करून विझल्या. भाडेकरू चिवड्यावर आणि वडापाववर आले. बाहेरून माणसं टाकी घेऊन यायची, शटरवर थाप मारायची. आप्पा आतूनच ओरडायचे, "दसऱ्यानंतर या." ललितापंचमी झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी गीताभाभी आली. ती हायवेपलीकडच्या खोल्यांत राहायची. एका कडेवर काही महिन्यांचं तापलेलं लेकरू, दुसऱ्या हातात रिकामी टाकी, आणि चेहरा असा की तिला बस म्हणायचंही सुचू नये. तिला दूध येत नव्हतं, लेकरू डब्याच्या दुधावर होतं. "चाचाजी, पानी उबालने को भी गॅस नहीं है. कल कच्चा पानी दिया, रात भर उल्टी किया. इनकी डबल ड्यूटी चल रही है, मैं कहाँ जाऊँ?" आप्पांनी आईकडे बघितलं. आईने लेकराच्या कपाळाला हात लावला आणि तो चटकन मागे घेतला. आमच्या शेगडीवर तिने पाणी उकळलं, दूध केलं, शेगडी बंद केली आणि गीताभाभीला घटाशेजारी बसवून वाटी-चमचा हातात दिला. लेकराने दोन चमचे घेतले आणि परत मान टाकली. तासाभराने पुन्हा लागणार, रात्री पुन्हा लागणार, हे आईला सांगायची गरज नव्हती. तिने आम्हां तिघी बहिणींना असंच वाढवलं होतं.

मोठ्या दोघी तेव्हा लग्न होऊन गेल्या होत्या, घरात मीच. आई माझ्याकडे बघून बोलली, पण ऐकवलं आप्पांना. "एकच भरून द्या म्हनावं. दार लावून घ्या. लेकराच्या जिवापुढं देवी काय रागवायची न्हाई." आप्पा चाचरले. "दिवा हाय आत." आई म्हणाली, "दार लावा म्हन्ते ना. वास तर वर जातो तुमचा." मला आप्पांनी मागच्या हौदावर गोणपाट भिजवायला पाठवलं, दाराच्या फटीला लावायला. लाईट गेलेली होती, पंखे बंद, पत्रा तडतडत होता. मी गोणपाट पिळत होते, एवढ्यात दुकानातून फुस्सकन आवाज आला आणि मग तो थांबेचना, शिट्टीसारखा वाढतच गेला. पाठोपाठ आप्पांची हाक आली. शब्द काही नव्हते त्या हाकेत.

नट पुरता बसला नव्हता. आप्पांच्या हातातून पाना निसटला, नळीचं खालचं टोक उडालं आणि उलट्या टाकीतला गॅस थेट जमिनीवर कोसळू लागला. हे मला नंतर कळलं. मला त्या क्षणी मागच्या दारातून दिसलं ते एवढंच, की मधल्या दाराखालच्या फटीतून पांढरं धुकं येतंय, पीठ सांडावं तसं पसरतंय आणि आईच्या, गीताभाभीच्या पायांकडे निघालंय. ते वर जात नव्हतं. जमिनीलगत, हळूहळू, घटाच्या कोपऱ्याकडे. मी गोणपाट टाकून ओरडले, "आये, दिवा!"

आईने गीताभाभीला लेकरासकट दंडाला धरून उठवलं आणि मागच्या दारातून माझ्या अंगावर ढकललं. स्वतः मात्र बाहेर आली नाही. मी परत ओरडले, "आये, दिवा इझव!" तिने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी आजही सांगू शकत नाही. मला फक्त एवढं कळलं, की बाहेर पळायचं तिच्या डोक्यात नव्हतंच, घट बसलेलं घर ती सोडणार नव्हती. आणि दिवा विझवला तर तिने जे मागितलं होतं ते सगळं तिच्याच हाताने जाणार होतं. धुकं पत्रावळीपाशी आलं. आईने उजव्या हाताचा तळवा जळत्या वातीवर दाबला आणि दाबूनच धरला, तेलासकट. मग तिने मला सांगितलं, अगदी रोजच्या आवाजात, "पळ, खोल्यांनी सांग. कुनी काडी वढू नगा म्हनावं. मेनचा खटका पाड, लाईट आली तर ठिनगी पडंल."

मी पळाले. मीटर बाहेरच्या भिंतीवर होता, खटका पाडला. ओळीतली प्रत्येक कडी वाजवली. रातपाळीची माणसं झोपेतून उठून अर्ध्या चड्डीवर शेतात पळाली. पायरीवर बसलेल्या एकाच्या तोंडात बिडी होती, अजून न पेटवलेली, आणि हातात काडेपेटी. मी ती त्याच्या हातातून हिसकली आणि लांब फेकली. आई-बापावरून जे काही येत होतं ते सगळं त्याला बोलले. शेगड्या तर सगळ्यांच्या आधीच थंड होत्या. दुकान बंद होतं म्हणून त्या थंड होत्या आणि त्या थंड होत्या म्हणून आम्ही वाचलो. ह्याला देवीची कृपा म्हणायचं की काय म्हणायचं, हे मी त्या दिवशी ठरवू शकले नाही आणि आज पन्नाशीकडे झुकले तरी नाही.

आप्पांनी चावी बंद केली होती. त्या गार फवाऱ्यात डावा हात घालून, चाचपडत, बंद केली होती. शटर वर सारून ते बाहेर आले तेव्हा बोटं पांढरीफटक पडलेली, मेणाची असल्यासारखी, आणि नंतर त्यांना टचटचीत फोड आले. धड असलेला हातही गेला. आई मागच्या दाराशी बसली होती, तळवा उघडा ठेवून. गीताभाभीने लेकरू जमिनीवर ठेवलं आणि आईच्या हातावर हौदातलं पाणी ओतत राहिली. रडत होती आणि "अम्मा, अम्मा" म्हणत होती. आई तिला म्हणाली, "रडू नगं. पोराचं दूध गार झालं आसंल." संध्याकाळी लांब, पार बांधावर, आईने डाव्या हाताने तीन दगड मांडले, तुरकाट्या पेटवल्या आणि त्या लेकरासाठी पाणी उकळून थर्मासमध्ये भरून दिलं. लेकरू जगलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या रात्री आप्पा घटासमोर बसून म्हणाले, "लाव पुन्हा. चुकून इझला आसं समजंल देवी." आई म्हणाली, "इझला न्हाई. मी इझवला. आता कुठल्या तोंडानं लावू?" आणि तिने तो लावला नाही. दसऱ्यापर्यंत घट अंधारात बसला. धान मात्र उगवलं, पिवळंधमक, दरवर्षीसारखंच. दसऱ्याला बायका ते तुरे घरच्या पुरुषांच्या टोपीत खोवतात. आप्पा टोपी घालून, मान खाली करून तिच्यापुढे उभे राहिले. आईने घट उचलला, तुरे पाण्यात सोडले आणि भांडी घासायला बसली. आप्पांनी टोपी काढली आणि खुंटीला लावली. मी आयुष्यात माझ्या बापाला मारताना, ओरडताना, दारू पिऊन आलेलंही पाहिलं, पण त्या दिवसाइतका दीन कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटरबाहेर टाक्यांची रांग होती. घरात पीठ संपत आलं होतं. आप्पा चिंध्या गुंडाळलेला डावा हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसून होते. आई दुकानात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने घडवंची फरफटत बाहेर काढली, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी अंगणात मधोमध ठेवली. आप्पा ताडकन उठले. "अगं, येडी झालीस का? पोलीस न्हेतील." आई पाना शोधत होती. "न्हेऊ देत. घरात आता न्हाई. मरायचं आसंल तर मरू, पर पोरीला घिऊन न्हाई." जळलेल्या तळव्यावर फडकं बांधून तिने नट आवळला, मला साबणाचं पाणी आणायला लावलं आणि प्रत्येक जोडावर ते स्वतः ओतून बुडबुडा येतो का ते बघितलं. कुणी "और थोडा डालो" म्हटलं की ती त्याच्याकडे अशी बघायची की तो आपोआप टाकी उचलायचा. आजकाल छोटी टाकी ओळखपत्र दाखवलं की किराणा दुकानातसुद्धा भरलेली मिळते. आता मी राहते त्या यवतच्या बाजारात त्या लाल टाक्यांची रास बघते तेव्हा मला बरं वाटायला हवं. मला राग येतो. कुणावर, ते नीट सांगता येत नाही.

थंडी सुरू होईपर्यंत ते चाललं. उघड्यावर चाललं म्हणून कुणी मेलं नाही आणि उघड्यावर चाललं म्हणूनच जीप आली. रांग क्षणात पांगली. टाक्या टाकून लोक शेतात शिरले. फौजदार उतरले आणि म्हणाले, "बाई, उठा. बाजूला व्हा." आप्पा पुढे झाले, जोडलेल्या हातांनी, "सायेब, धंदा माझा हाय, मला न्ह्या," म्हणू लागले. फौजदारांनी त्यांच्या हातांकडे बघितलं आणि मग आईच्या हातातल्या पान्याकडे बघितलं. गॅस अजून उतरत होता. एका शिपायाने घडवंचीला हात घातला, तशी आई ओरडली. माझ्या जन्मात ती कुणा सरकारी माणसावर ओरडलेली मी तेवढीच ऐकली.

"हात लावू नगा! आधी मला बंद करू द्या. आसं सोडलं तर तुमी बी जळाल."

शिपाई मागे सरकला. सगळे थांबले. आईने चावी फिरवली, खालचा नट सोडला, वरचा सोडला, नळी काढून बाजूला ठेवली. दोन्ही टाक्यांच्या तोंडावर साबणाचं पाणी घातलं आणि वाकून, बराच वेळ, बुडबुडा येतोय का ते पाहत राहिली. आला नाही. मग तिने पदराला हात पुसले, आप्पांना म्हणाली, "भाकरी टोपल्यात हाय," आणि जीपमध्ये जाऊन बसली.